पोपट आणताय? मग थवा कोण होणार?

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला दहाव्या वाढदिवसाला बोलणारा पोपट हवा होता. "ताई, तुझ्याकडे पक्षी आहे, कोणता आणू ते तूच सांग," म्हणून तिचा फोन आला. मी आधी विचारलं, "दिवसभर घरी कोण असतं?" दोघंही नोकरीला, मुलगा शाळेत, मग क्लासला. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप. पोपट निवडताना रंग, किंमत, पिंजरा हे सगळं या उत्तराच्या नंतर येतं.

याचं कारण पोपट मुळात का बोलतो, यातच दडलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात राहणाऱ्या बजीचं, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटाचं उदाहरण घ्या. हजारोंच्या थव्यात एकमेकांना शोधायला प्रत्येकाची स्वतःची छोटी हाक असते. जोडी जमली की नर हळूहळू आपली हाक मादीच्या हाकेसारखी करतो. अनोळखी नर एका पिंजऱ्यात ठेवले, तर काही आठवड्यांत त्यांच्याही हाका सारख्या होऊ लागतात. नक्कल म्हणजे त्यांच्या भाषेत 'मी तुमचाच' असं सांगणं. घरात एकट्या पोपटाचा थवा म्हणजे आपण. म्हणून तो आपले शब्द उचलतो, आणि तो थवा रोज दहा तास गायब झाला, की त्याचा जीव कासावीस होतो.

आपला नेहमीचा हिरवा राघू मात्र यादीत धरूच नका. लाल-काळ्या कंठाचा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा पोपट हे सगळे भारतीय वन्यपक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. कोणी पिल्लू आणून देतो म्हणालं, तर ते झाडाच्या ढोलीतून ओरबाडलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे रंगीबेरंगी पक्षी दाखवतात, ते बहुतेक वेळा बजी असतात. वजन तीस-चाळीस ग्रॅम, आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. एवढासा जीव, पण बोलण्यात कमी नाही: अमेरिकेतल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम आहे. चोचीवरची नाकपुड्यांची कातडी बहुतेक रंगांच्या मोठ्या नरात निळी, मादीत तपकिरी.

खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. आखूड शेपटी, दणकट चोच, आणि स्वभाव नावाच्या अगदी उलट. आपल्या जागेसाठी तो दुसऱ्या पक्ष्याचा पाय फोडायलाही कमी करत नाही. बोलणं जवळपास नाहीच. पण पीच रंगाच्या चेहऱ्याच्या मादीला वर्तमानपत्राचा तुकडा देऊन बघा. कडेने टकटक चावत ती शिवणयंत्राने टाके घालावेत तशी ओळ पाडते, लांब पट्टी सोडवते आणि शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. दुसरी एक जात पट्टी चोचीतच नेते. दोघांचा संकर केला तेव्हा ती पिल्लं मोठी होऊन पट्टी खोचू बघायची, आणि ती गळून पडायची. चोचीत धरून न्यायला शिकण्यात त्यांची वर्षं गेली. उपजत वागणूक वारशाने कशी येते, याचं इतकं डोळ्यांना दिसणारं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

माझ्याकडे कॉकटिएल आहे. नव्वद-शंभर ग्रॅमचा, तुरेवाला, काकाकुवाच्या कुळातला. नर शिट्टी छान शिकतो, शब्द मोजकेच. संध्याकाळी तो मान खाली घालून माझ्या बोटाशी येतो. नव्या पिसांभोवती पांढरं टोपण असतं. बाकी अंगावरचं तो चोचीने सोलतो, पण स्वतःच्या डोक्यावर चोच पोचत नाही. रानात हे काम जोडीदार करतो, इथे माझं नख. टोपण चुरलं की पांढरी पूड झडते आणि त्याचे डोळे मिटतात. ही पूड घरभर पसरते, दमा असलेल्या घरात हा पक्षी आणू नये. आणि तो पंधरा-वीस वर्षं जगतो. दहा वर्षांच्या मुलाचा पक्षी पुढे सांभाळावा लागणार आईलाच.

कनूर या जातीचा पोपट देखणा, पण त्यातल्या सन कनूरचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही पाळावा लागतो. फ्लॅटमध्ये नकोच. आफ्रिकन ग्रे, म्हणजे आफ्रिकेतला करडा पोपट, तर आणखी वेगळा. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्या अॅलेक्स नावाच्या ग्रेला शंभरहून जास्त शब्द येत होते. वस्तूचा रंग, आकार, संख्या तो सांगायचा. २००७ मध्ये एकतिसाव्या वर्षी तो गेला. अशा बुद्धीचा पक्षी एकटा कोंडला, तर स्वतःचीच पिसं उपटून छाती उघडी करतो. रानातून इतके ग्रे पकडले गेले, की २०१७ पासून रानातल्या ग्रेंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. ग्रे, मकाव, कनूर पाळणाऱ्यांना आपल्याकडे वनखात्याच्या यंत्रणेकडे नोंदणीही करावी लागते.

कुठलाही पक्षी असो, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे तो प्राणवायू आपल्यापेक्षा चांगला शोषतो आणि विषही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला, की त्याच्या वाफेने काही मिनिटांत पक्षी मरतो. नुसत्या राळ्यांवरही ठेवू नका. कोथिंबीर, पालक, गाजर रोज हवं. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही.

शेवटी बहिणीने दोन बजी आणले, दोन्ही नर, म्हणजे अंड्यांचा प्रश्न नाही आणि दिवसभर एकमेकांना सोबत. मुलाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की दोघं असले तर ते तुझ्याशी कमी बोलतील. चार महिने झाले, अजून एक शब्द नाही. परवा त्याने फोन पिंजऱ्याजवळ धरला. "मावशी, ऐक. हा निळा... आणि हा पिवळा. आधी वेगळे ओरडायचे, आता मला डोळे मिटून सांगताच येत नाही कोण कुठला."