ही किल्ली त्याचीच, मी सांगतो

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेल निर्यातदार घ्या. माल जर्मनीला गेला, पैसे यायचेत. तेवढ्यात तिकडच्या ग्राहकाला त्याच्या नावाने ईमेल जातो: ‘आमचं बँक खातं बदललंय, रक्कम या नव्या खात्यात भरा.’ ही फसवणूक आता जुनी झाली. त्यावर उपाय म्हणून ईमेलवर डिजिटल सही करायला सांगतात. पण ठगानेही सही केली तर?

तो करू शकतो, आणि अगदी सहज. जीपीजी या मोफत सॉफ्टवेअरला नवी किल्ली बनवायला सांगितली की ते नाव आणि ईमेल विचारतं. तिथे निर्यातदाराचं नाव लिहा, नाहीतर सोलापूरच्या महापौरांचं लिहा. पुरावा कुणी मागत नाही. किल्ल्यांची जोडी तयार होते: खासगी किल्ली सही करायला आणि आलेला मजकूर उलगडायला, सार्वजनिक किल्ली जगाला वाटायला, म्हणजे ती सही कुणालाही तपासता येते. गणित चोख असतं. फक्त किल्लीवरचं नाव हे टाइप केलेलं नाव असतं, बाकी काही नाही.

1976 मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, तेव्हा गुपित आधी हातोहात पोचवण्याची कटकट मिटली. ‘किल्ली नक्की कुणाची’ हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. 1991 मध्ये पीजीपी हे ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या फिल झिमरमन यांनी त्याचं उत्तर सरकारी कचेरीकडे सोपवलं नाही. ओळखणाऱ्याने ओळखीच्या माणसाची ग्वाही द्यावी, ही त्यांची रीत. 1997 मध्ये वर्नर कॉख यांनी सुरू केलेल्या जीपीजीने तीच पुढे चालवली.

ग्वाही द्यायची कशी? आधी समोरच्याच्या किल्लीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट (किल्लीवरून काढलेला तिचा छोटा कोड), जुळवायचा. आज सर्रास वापरात असलेल्या किल्ल्यांचा ठसा 40 अक्षरांचा असतो: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं. समोरासमोर बसून जुळवणं उत्तम. फोनवर जुळवायचा तर आवाज ओळखीचा हवा आणि मागे यंत्रमाग चालू नको, कारण बी, डी आणि ई हे खडखडाटात एकसारखेच ऐकू येतात.

शेवटची आठ अक्षरंच बघून भागवू नका. आठ अक्षरांत सुमारे 429 कोटी शक्यता मावतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण 2014 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की साध्या ग्राफिक्स कार्डावर तशाच शेपटीची दुसरी किल्ली काही सेकंदांत घडवता येते. 2016 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांच्या नावाची अशीच एक तोतया किल्ली सापडली.

ठसा जुळला की टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला कमांड टाइप करून द्यायच्या खिडकीत, जीपीजी लिहायचं, जागा सोडून दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून साइन-की, आणि पुढे तो ठसा. संगणक किल्ली दाखवून ‘खरंच सही करायची?’ असं विचारतो, तुमचा परवलीचा शब्द मागतो, आणि झालं. तुमच्या खासगी किल्लीने त्या सार्वजनिक किल्लीवर आणि तिच्यावरच्या नाव-ईमेलच्या जोडीवर मिळून सही होते. उद्या मालकाने त्याच किल्लीत दुसरा ईमेल जोडला तर त्याला ही सही लागू नाही. सही करून झाल्यावर काही काटेकोर मंडळी ती त्याच ईमेलवर, त्याच किल्लीने कुलूपबंद करून पाठवतात. ती उघडता आली तर ईमेल आणि किल्ली दोन्ही एकाच माणसाच्या हातात आहेत, हेही कळतं.

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. सही म्हणजे माणूस चांगला असल्याचा दाखला नव्हे. सोलापूरच्या बाजारात सुताची उधारी द्यायची वेळ आली की व्यापारी विचारतो, पार्टी ओळखीची आहे का? ‘हो, हा अमुकच आहे’ हे एक उत्तर झालं. ‘त्याने कुणाची ओळख दिली तर तीही डोळे झाकून मान्य कर’ हे अगदी वेगळं. जीपीजी या दोन गोष्टी दोन वह्यांत ठेवतं. पहिली म्हणजे सही, ती किल्लीबरोबर जगभर फिरू शकते. दुसरी म्हणजे विश्वासाची पातळी: ओळख देण्याच्या कामात हा माणूस किती काटेकोर? ती तुमच्याच संगणकावर राहते, त्या माणसाला कधी कळतही नाही. मला या सगळ्या योजनेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. तोंडावर ‘तुझ्या शब्दावर माझा अर्धाच भरवसा आहे’ म्हणायची वेळ येत नाही.

त्या अर्ध्या भरवशाचाही हिशेब आहे. नेहमीच्या मांडणीत पूर्ण विश्वासाच्या एका माणसाची सही पुरते, अर्ध्या विश्वासाच्या तिघांच्या लागतात, आणि ओळखीची साखळी पाच कड्यांपेक्षा लांब चालत नाही.

ही व्यवस्था सर्वसामान्यांत रुजली नाही, हे मान्य करायला हवं. लिनक्सची मोफत आवृत्ती बनवणाऱ्या डेबियनसारख्या प्रकल्पात नव्या विकासकाच्या किल्लीवर जुन्यांची सही अजूनही मागतात. व्हॉट्सॲपवर मात्र दोघांनी 60 अंकी कोड आपसात जुळवायचा एवढंच. तिसऱ्याच्या ग्वाहीला तिथे जागा नाही. शिवाय 2019 मध्ये एक विचित्र हल्ला झाला. किल्ल्यांच्या जुन्या सार्वजनिक कोठारांत कुणीही कुणाच्याही किल्लीवर सही चिकटवू शकत असे, आणि चिकटलेलं काही पुसता येत नसे. जीपीजीच्या वर्तुळातल्या दोन जाणकारांच्या किल्ल्यांवर कुणीतरी हजारो निरर्थक सह्या ओतल्या. अशी किल्ली उतरवून घेतली की जीपीजी गुदमरायचं. त्यानंतर कोठारातून येणाऱ्या परक्या सह्या जीपीजी आपणहून बाजूला टाकू लागलं.

आपल्या निर्यातदाराला याचं फारसं सुतक नाही. त्याच्या ग्राहकाने एकदा व्हिडिओ कॉलवर ठसा जुळवावा आणि साइन-की ऐवजी एलसाइन-की ही कमांड द्यावी. एल म्हणजे लोकल. ही सही त्या संगणकाबाहेर निर्यात होत नाही, त्यामुळे कोण कुणाशी व्यवहार करतो याची जाहिरातही होत नाही. यापुढे ‘खातं बदललंय’ असा ईमेल दुसऱ्या कुठल्या किल्लीची सही घेऊन आला, तर ही किल्ली मालकाचीच असल्याचा पुरावा नाही, असा इशारा जीपीजी स्वतःच देईल.