दोनदा विस्तव पाहिलेलं धान्य

आमच्या घरी धाकटीची रिक्षा सात वाजून दहा मिनिटांनी येते. पावणेसातला मी स्वयंपाकघरात शिरतो. तेवढ्या वेळात पोहे होतात, उपमा होतो, दोन तव्यांवर चार थालीपीठंही लागतात. चौघांच्या पोटाला आधार मिळतो आणि डबाही भरला जातो. बरीच वर्षं मला याचं काही वाटलं नाही. मग एकदा ज्वारीचे अख्खे दाणे नुसते शिजवून पाहिले आणि कुकरच्या शिट्या मोजता मोजता थकलो. त्याच ज्वारीचं थालीपीठ दहा मिनिटांत खमंग होतं. उरलेला वेळ मग कुठे गेला?

तो वेळ आधीच खर्च झालेला असतो. आपल्या बहुतेक न्याहारीचं धान्य घरच्या गॅसवर येण्यापूर्वी एकदा विस्तव पाहून आलेलं असतं. पोहे भट्टीतून येतात, रवा कढईतून, भाजणी तर नावातच भाजून आलेली. पहिल्या विस्तवाने धान्यात काय बदल केला हे कळलं, की न्याहारी मऊ का होते, का टिकते आणि पोटात किती वेळ राहते, या तिन्ही गोष्टी एका धाग्यात येतात.

कच्च्या तांदळात स्टार्चचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे, अतिसूक्ष्म कण गच्च रचलेले असतात. थंड पाण्यात ते थोडंसं पाणी घेतात, पण रचना मोडत नाही. पाण्याला उष्णतेची जोड मिळाली, की साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या आसपास ते फुगतात, आतली घडी उसवते आणि पाणी आत मुरतं. तांदळाच्या जातीप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. आपण 'भात शिजला' म्हणतो तेव्हा हेच घडलेलं असतं. घडी उसवलेल्या स्टार्चवर आपले पाचकरस सहज काम करू शकतात, कच्च्यावर फार हळू.

पोह्यांच्या बाबतीत हे सगळं भट्टीवरच उरकतं. साळ, म्हणजे टरफलासकट तांदूळ, गरम पाण्यात भिजवतात, निथळतात, तापलेल्या वाळूत किंवा कढईत भाजतात आणि दाणा गरम, मऊ असतानाच चेपतात. चेपल्यामुळे तो पातळ होतो आणि पाण्याला आतपर्यंत पोचायला अंतरच उरत नाही. म्हणून पोहे शिजवायचे नसतात, भिजवायचे असतात. कोकणातले दडपे पोहे हा याचा सरळ पुरावा. पातळ पोह्यांत ओला नारळ, कांदा, लिंबू कालवायचं आणि वर वजन ठेवून दडपायचं. नारळाच्या आणि कांद्याच्या अंगच्या पाण्यावर ते मऊ होतात. पोह्यांखाली विस्तव लागत नाही, फोडणी काय ती वरून.

कांदेपोह्यांत बिघडतं ते पाण्याच्या हिशोबात. जाडे पोहे रोळीत धुऊन लगेच कढईत टाकले, तर बाहेरचा थर ओला आणि गाभा कोरडा राहतो. धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवले, की तेच पाणी आतवर सरकतं आणि पोहे मऊ होऊनही मोकळे राहतात. शेवटी झाकण ठेवून काढलेली वाफ महत्त्वाची. उघड्या कढईत परतत राहिलं, तर पोह्यांतलं पाणी उडतं आणि ताटलीत येईपर्यंत ते वातड होतात.

पोह्यांवर लिंबू पिळण्याची पद्धत चवीसाठी पडली असेल, पण तिचं काम त्याहून मोठं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम पॉलिशच्या तांदळात लोह एका मिलिग्रॅमहूनही कमी आहे, तर पोह्यांत ते साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. धान्यातलं लोह मात्र ज्या रूपात असतं त्या रूपात आतड्यातून सहज शोषलं जात नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला शोषता येईल अशा रूपात आणतं. हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू कढईत नाही, ताटलीत पिळावं. आणि इथे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे, कारण आपल्याकडे बायका-मुलींमध्ये लोहाची कमतरता फार आहे: पोह्यांसोबतचा चहा तासभर पुढे ढकला. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि लिंबाने केलेलं काम बरंचसं वाया जातं. आमच्याकडे चहा आता पोह्यांच्या आधी किंवा थेट आठनंतर असतो. पहिले काही दिवस जड गेले, मग सवय झाली.

पोह्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टार्च आधीच उसवलेला, दाणा चेपलेला. म्हणजे पचायला हलके. आजाऱ्याला चांगले, पण ज्याला साडेबारापर्यंत वर्गात बसायचं आहे त्याला नुसते पोहे पुरत नाहीत. म्हणून मी त्यात मूठभर शेंगदाणे, मटार किंवा मोड आलेली मटकी घालतोच. बटाटाही चालतो. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी १९९५ साली ३८ पदार्थ घेऊन पाहिलं, की सारख्याच उष्मांकांचे घास खाल्ल्यावर पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले होते. उकडलेला बटाटा ३२३ गुणांनी सगळ्यांत वर आला, लोण्याने फुललेला क्रोसाँ ४७ वर राहिला. बटाटेपोहे म्हणजे नुसता उकडलेला बटाटा नव्हे, हे खरं. तरी गरिबाची भाजी म्हणून बटाट्याला हिणवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

रव्याचं थोडक्यात. कच्चा रवा उकळत्या पाण्यात पडला, की प्रत्येक पुंजक्याचा बाहेरचा थर क्षणात चिकट होतो आणि आत कोरडा रवा कोंडला जातो. त्याच गुठळ्या. भाजताना स्टार्चच्या काही साखळ्या तुटतात, दाणा कोरडा होतो, तूप घातलं असेल तर त्याचा लेप बसतो. असा रवा पाणी दमाने घेतो आणि उपमा मोकळा होतो. मंद आचेवर, रंग फारसा न बदलता, वास येईपर्यंत. यापेक्षा वेगळं गुपित नाही.

आता भाजणी, माझ्या मते आपल्या न्याहारीतली सगळ्यांत हुशार गोष्ट. आई दर दोन महिन्यांनी करते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, वर धणे-जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, यावर ती अडून बसते आणि तिचं बरोबर आहे. दाण्यांचा आकार वेगळा, आतलं पाणी वेगळं. एकत्र भाजले तर जिरं जळेल तेव्हा हरभऱ्याची डाळ कच्चीच असेल. दाण्यातलं पाणी उडेपर्यंत तो शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. कोरडा झाल्यावर पृष्ठभाग तापतो आणि त्यातली प्रथिनं आणि शर्करा एकमेकांशी भिडतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामील मेलार्ड यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. पावाचा तपकिरी पापुद्रा, कॉफीचा वास आणि भाजणीचा खमंगपणा ही त्याच घराण्यातली मंडळी.

वासापेक्षाही मला भाजणीचं टिकणं थक्क करतं. बाजरीचं पीठ दळून आणलं, की आठवड्याच्या आत कडवट लागायला लागतं. बाजरीत पाच टक्क्यांच्या आसपास चरबी असते, आणि त्याच दाण्यात चरबी फोडणारं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. अख्ख्या दाण्यात दोघं आपापल्या जागी असतात. जात्याखाली ते एकत्र येतात आणि पीठ खवट व्हायला सुरुवात होते. म्हणून घरोघरी बाजरी थोडी थोडी दळून आणतात. पण तीच बाजरी भाजणीत दोन महिने नीट राहते, कारण दळण्याआधीच्या विस्तवाने ते विकर निकामी झालेलं असतं. क्रम उलटा केला, आधी दळलं आणि मग भाजलं, तर पुष्कळ नुकसान आधीच होऊन गेलेलं असेल. प्रयोगशाळा नसलेल्या घरांनी हा क्रम अचूक पकडला, याचं मला खरोखर अप्रूप आहे.

भाजण्याने डाळींचंही भलं होतं. कच्च्या डाळींत प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेने कमी होतात. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन धान्यांत कमी पडतं, मेथिओनिन डाळींत. एकत्र आल्यावर एकमेकांची उणीव भरून निघते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रथिन, नसल्यामुळे थालीपीठ लाटता येत नाही, थापावं लागतं, आणि उडदाचा चिकटपणा त्याला धरून ठेवतो. मधली भोकं वाफेला वाट देतात आणि तिथून सोडलेलं तेल खालच्या बाजूला पोचतं. वर लोण्याचा गोळा असेल, तर त्यातल्या चरबीमुळे पोट रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो.

डाळींचा परिणाम त्या एका खाण्यापुरताच नसतो. टोरोंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाने १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली, म्हणजे कोणत्या अन्नाने रक्तातली साखर किती चढते याचं माप. पुढच्याच वर्षी त्यांना आढळलं, की सकाळी मसूर खाल्लेल्यांची साखर दुपारच्या जेवणानंतरही कमी चढते, जेवण तेच असूनसुद्धा. सकाळची उसळ दुपारच्या भाताला सांभाळून घेते, असं म्हणता येईल. घावनाबरोबर चटणीऐवजी काळ्या वाटाण्यांची उसळ वाढली जाते, तिथे हेच घडत असावं. घावन, आंबोळी यांचं बाकी शास्त्र मी इथे घेत नाही. आंबोळीत रात्रभर जिवाणू राबतात आणि ती कहाणी स्वतंत्र आहे.

राहिला फोडणीचा भात. शिजलेला भात थंड झाला, की उसवलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि दाणा टणक, सुटा होतो. गरम केल्यावर तो परत मऊ लागतो, पण अमायलोज नावाच्या सरळ साखळ्यांची पकड कढईतल्या वाफेने सुटत नाही. तेवढा स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढे जातो. हा भाग थोडाच असतो, तरी ताज्या भातापेक्षा शिळ्याने साखर जरा कमी चढते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजं भात शिजतानाच्या उकळीतही तगतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला, तर ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळच्या फोडणीने जिवाणू मरतील, ते विष मरत नाही; उलट्या होतात. म्हणून रात्रीचं जेवण उरकलं, की मी उरलेला भात परातीत पसरतो, पंख्याखाली वाफ जाऊ देतो आणि तासाभरात झाकून फ्रीजमध्ये ठेवतो. सकाळी ओल्या बोटांनी मोकळा करायचा, मोहरी तडतडली की कांदा, शेंगदाणे, हळद, मग भात, पाण्याचा हबका आणि झाकण. चांगली वाफ आली, की सात वाजायला अजून पाच मिनिटं असतात.