ब्लॅकमेल : गुरांच्या खंडणीपासून गुपितांच्या सौद्यापर्यंत

‘ब्लॅकमेल’मधल्या ‘मेल’चा टपालाशी काडीचा संबंध नाही. धमकीची पत्रं, निनावी लिफाफे आणि आता ईमेल, यांमुळे तसं वाटतं खरं. पण हा शब्द स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवर रुळला, तेव्हा तो देणाऱ्या-घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. टपालातला ‘मेल’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ थैली. चिलखताच्या कड्यांना म्हणतात तो ‘मेल’ आणखी तिसराच. आपला हा ‘मेल’ उत्तरेकडून, नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. तिथे ‘माल’ म्हणजे बोलणं, आणि त्यावरून बोली, करार. वायकिंग वसाहतींबरोबर तो उत्तर इंग्लंडच्या बोलींत आणि स्कॉट्स भाषेत उतरला, आणि कराराऐवजी करारानं ठरलेल्या देण्याला लोक ‘मेल’ म्हणू लागले. घरभाडं ‘हाऊस मेल’, चराईचे पैसे ‘ग्रास मेल’, खंडानं कसायला घेतलेलं शेत ‘मेलिंग’. यात काळंबेरं काही नव्हतं. दर वर्षी मालकाला मोजायची रक्कम, एवढंच.

मराठी वाचकाला हे चटकन पटेल. आपल्याकडेही जमीन खंडानं देतात, आणि ‘खंडणी’ त्याच घरातली. सोळाव्या शतकातल्या ब्लॅकमेलला मराठी शब्द शोधायचा तर खंडणीच म्हणावं लागेल. ‘काळा खंड’ म्हटलं तरी चालेल.

मग तो काळा का? यावर जुना वाद आहे. विल्यम ब्लॅकस्टोन हे इंग्लिश कायद्याचे मोठे भाष्यकार. त्यांनी १७६६ मध्ये लिहिलं की, खंड चांदीच्या नाण्यात दिला तर तो ‘पांढरा’, आणि धान्य, श्रम किंवा हलक्या नाण्यांत दिला तर ‘काळा’. दुसरे लोक गुरांकडे बोट दाखवतात : डोंगराळ स्कॉटलंडची गुरं तेव्हा बहुतांशी काळी असत आणि देणं अनेकदा गुरांतच चुकतं व्हायचं. तिसरं मत सरळ आहे : काळा म्हणजे वाईट, बेकायदा, काळ्या बाजारातला ‘काळा’. माझा कल या तिसऱ्या मताकडे आहे, कारण सोळाव्या शतकातल्या ज्या कागदांत हा शब्द भेटतो, ते शेतीच्या हिशेबांचे कमी आणि फौजदारी खटल्यांचे, कायद्यांचे जास्त आहेत.

त्या कागदांमागचा मुलूख कसा होता, ते बघायला हवं. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून तीनशे वर्षं इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या फौजा याच पट्ट्यातून जात-येत राहिल्या. पीक उभं राहील याची खात्री नाही, म्हणून लोकांनी पिकावरचा भरवसा सोडून गुरांवर ठेवला, कारण गुरं हाकून नेता येतात. पण जे मालकाला हाकता येतं, ते चोरालाही हाकता येतं. आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहम, केर, निक्सन, मॅक्सवेल, जॉन्स्टन अशी घराणीच्या घराणी गुरं पळवण्यावर जगू लागली. या लुटारूंना ‘रीव्हर’ म्हणत. शरद ऋतू लागला, रात्री लांबल्या, उन्हाळ्याच्या चाऱ्यानं गुरं पोसली गेली, की त्यांचा हंगाम सुरू. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघणाऱ्यांच्या वंशजांना हे वेळापत्रक समजावून सांगायला नको.

त्या भागात ‘बॅसल’ म्हणतात अशी जुनी घरं अजून उभी आहेत. दगडी भिंती दोन-अडीच हात जाडीच्या. तळमजल्याला खिडकी नाही, एक अरुंद दार तेवढं, आणि आत गुरं. माणसं वरच्या मजल्यावर. वर जायला शिडी, ती रात्री ओढून घ्यायची. गुरं गेलीच तर मालकाला पाठलाग करण्याचा हक्क होता. भाल्याच्या टोकाला पेटतं ढेकूळ लावायचं, कुत्री सोडायची आणि सीमा ओलांडूनही चोराच्या मागे जायचं. याला ‘हॉट ट्रॉड’ म्हणत. पेटतं ढेकूळ ही खूण, की हा उघड आणि कायदेशीर पाठलाग आहे, चोरटी धाड नव्हे. वाटेत भेटेल त्यानं सामील व्हायचं. नकार दिला तर तोही चोरांचा साथीदार ठरे.

पण ज्याच्याकडे पाच-सहा गुरं आणि दोन पोरं, त्यानं कुणाचा पाठलाग करायचा? राजा एडिनबरोत, राणी लंडनमध्ये. सीमेवर दोन्हीकडे ‘मार्च’ नावाचे तीन-तीन प्रांत आणि प्रत्येकावर एक वॉर्डन नेमलेला. मात्र हे वॉर्डन पुष्कळदा त्याच घराण्यांतले असत आणि स्वतःही धाडी घालत. १५९६ मध्ये कार्लाइलच्या किल्ल्यातून किनमाँट विली आर्मस्ट्राँग या कैद्याला रातोरात सोडवून नेणारा बक्ल्यूचा वॉल्टर स्कॉट हा स्कॉटिश बाजूचा सरकारी अधिकारीच होता. अशा ठिकाणी शहाणा शेतकरी काय करील? शेजारच्या दांडग्याशी बोली ठरवील. वर्षाला इतकं धान्य, इतकी जनावरं किंवा इतके पैसे तुला. तू माझ्या गोठ्याला हात लावायचा नाहीस, आणि दुसऱ्या कुणी लावला तर माझी गुरं परत आणून द्यायची. याचं नाव ब्लॅकमेल.

या व्यवहाराचा दुसरा भाग हल्ली विसरला जातो. पैसे घेणाऱ्यानं नुसतं गप्प बसायचं नसे; खरंच राखण करणं त्याच्याकडून अपेक्षित असे. धमकी आणि सेवा एकाच माणसाकडून, एकाच भावात. बिनपैशात तो चोर, पैसे मोजले की चौकीदार.

१५३० मध्ये पाचवा जेम्स हा तरुण राजा सीमेवर धाक बसवायला उतरला. त्या वर्षी ॲडम स्कॉट ऑफ टशीलॉ याच्यावर एडिनबरोत खटला झाला. आरोप होता ब्लॅकमेल घेतल्याचा, आणि शिक्षा शिरच्छेदाची. लोक याला ‘चोरांचा राजा’ म्हणत. त्याच मोहिमेत जॉनी आर्मस्ट्राँगला त्याच्या माणसांसह फासावर चढवलं. सीमेपासून न्यूकॅसलपर्यंत त्याला खंडणी न देणारा माणूस उरला नव्हता, असं एका जुन्या बखरकारानं लिहून ठेवलंय. बखरकारांची तिखट-मीठ लावायची सवय धरूनही, हा माणूस केवळ गुरंचोर नव्हता, स्वतःच एक छोटं सरकार होता, हे त्यातून कळतं. राजाला खुपलं तेही हेच असणार.

म्हणूनच पुढचे कायदे वाचताना आज नवल वाटतं. १५६७ चा स्कॉटिश पार्लमेंटचा कायदा घेणाऱ्यांवर चिडलेला आहेच, पण त्याची खरी तक्रार देणाऱ्यांबद्दल आहे : तुम्ही चोरांना ब्लॅकमेल देऊन सुखानं बसता आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते शेजाऱ्याला लुटतात, तरी तोंडातून शब्द काढत नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत १६०१ मध्ये कंबरलँड, नॉर्थंबरलँड, वेस्टमोरलँड आणि डरहॅम या चार उत्तरेकडच्या भागांसाठी खास कायदा झाला. त्यात ‘पैसा, धान्य, गुरं किंवा अन्य मोबदला, ज्याला तिथे ब्लॅकमेल म्हणतात’ अशी व्याख्याच दिलीय. हा मोबदला घेणाराही देहदंडाला पात्र आणि देणाराही. आज ब्लॅकमेलला बळी पडलेल्याला कुणी आरोपी करत नाही. तेव्हा मात्र राज्याच्या दृष्टीनं, खंडणी भरणारा शेतकरी राजाला सोडून दुसऱ्याच मालकाला सारा देत होता. संरक्षण राजा देऊ शकत नव्हता, हा मुद्दा कायद्यात कुठे येत नाही.

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि सीमा एका रात्रीत देशाच्या मधोमध आली. त्यानं तिचं नावच बदलून ‘मिडल शायर्स’ केलं, धडाधड माणसं लटकावली, ग्रॅहम घराण्यातल्या कित्येकांना आयर्लंडला पाठवून दिलं. सीमेवरचं ब्लॅकमेल ओसरलं.

शब्द मात्र तोवर उत्तरेला हायलंड डोंगरांच्या पायथ्याशी पोचला होता. तिथे सपाटीवरच्या जमीनदारांची गुरं डोंगरातली माणसं पळवत. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथलं ब्लॅकमेल बरंच सुसंस्कृत झालं. पहारा देणाऱ्या टोळ्यांना ‘वॉच’ म्हणत, आणि रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१–१७३४) अशीच एक ‘वॉच’ चालवायचा. त्याच्या भाच्या-पुतण्यांच्या पिढीतल्या ग्लेनगाइलच्या मॅकग्रेगरनं १७४१ मध्ये आसपासच्या जमीनदारांशी चक्क लेखी करार केला : जमिनीच्या उत्पन्नावर शेकडेवारीनं वार्षिक रक्कम, आणि चोरी झालेली गुरं ठरल्या मुदतीत परत मिळाली नाहीत तर भरपाई. आजच्या विमा पॉलिसीत याहून वेगळं फारसं नसतं, फक्त विमा कंपनीचे भाऊबंद रात्री गोठा फोडत नाहीत. सरकारनंही १७२५ मध्ये त्याच धर्तीवर हायलंडमधल्या तुकड्या उभारल्या. त्यांतूनच पुढे ब्लॅक वॉच ही पलटण झाली.

१७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलंडची बंडखोरी मोडली. शस्त्रं काढून घेतली, टोळीप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाचे अधिकार रद्द झाले. देणारे, घेणारे दोघंही संपले. शब्दही संपायचाच. पण रीव्हरांच्याच कुळातला एक वकील पुढे कादंबरीकार झाला. हाही वॉल्टर स्कॉट. १८१४ च्या ‘वेव्हर्ली’त इंग्लंडहून आलेला नायक ब्लॅकमेल म्हणजे काय ते विचारतो, आणि एक स्कॉटिश तरुणी त्याला समजावून सांगते : डोंगराजवळचे जमीनदार एखाद्या हायलंड सरदाराला पैसे देतात, म्हणजे तो स्वतः त्रास देत नाही आणि दुसऱ्याला देऊ देत नाही. तीनेक वर्षांत ‘रॉब रॉय’ आली आणि खपली. इंग्लंडच्या दिवाणखान्यांत, अमेरिकेत, हिंदुस्थानातल्या छावण्यांत लोकांना एक विस्मृतीत गेलेला शब्द पुन्हा मिळाला.

हिंदुस्थानात तो आपल्याच पूर्वजांना चिकटला. १८८६ मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात ‘चौथ’ची व्याख्या देताना मराठ्यांनी वसूल केलेलं ‘ब्लॅकमेल’ असंच म्हटलंय. प्रांताच्या सुभेदारांनी लुटीतून सूट मिळावी म्हणून दिलेली भरपाई, असा पुढचा खुलासा. या कोशाचा एक कर्ता हेन्री यूल एडिनबरोजवळचा. त्यानं शब्द शिवी म्हणून वापरला की जुन्या स्कॉटिश अर्थानं, हे सांगणं अवघड. पण जुन्या अर्थानं तो बऱ्यापैकी चपखल बसतो. चौथाईची सुरुवात मराठ्यांनी केली नाही. रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगिजांकडून चौथ घेई, म्हणून त्याला ‘चौथिया’ म्हणत. शिवाजी महाराजांनी तो हक्क पुढे आपला म्हणून मागितला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा थेट दिल्लीहून आणल्या. ज्याच्यापाशी बादशहाची सनद आहे त्याच्या वसुलीला ग्लेनगाइलच्या करारापेक्षा वरचा दर्जा द्यायला हवा. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. तिथेही संरक्षणाच्या नावाखाली पैसा आणि मुलूख घेतला जात होता, पण त्याला ब्लॅकमेल म्हणायचं कुणा इंग्रजाच्या मनात आलं नाही.

याच वेलस्लीचा भाऊ, असईच्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक असलेला आर्थर, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. डिसेंबर १८२४ मध्ये त्याला एका प्रकाशकाचं पत्र आलं : हॅरिएट विल्सन या गणिकेच्या आठवणी छापतोय, त्यात तुम्ही आहात, पैसे दिलेत तर नसाल. ‘छाप आणि जा खड्ड्यात’ अशा अर्थाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. ते त्यानं खरंच दिलं की मागाहून चिकटवलं गेलं, कोण जाणे. अशा प्रकाराला तेव्हा ब्लॅकमेल म्हणत नव्हते. पण गोठ्याऐवजी अब्रू, आणि धाडीऐवजी छापखाना, ही अदलाबदल तिथे झालेली दिसते. १८४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘फ्लॅश’ म्हणून ओळखली जाणारी साप्ताहिकं निघाली. कुंटणखान्यात कोण जातो ते छापू, नाहीतर पैसे टाका, हा त्यांचा धंदा. अशा वसुलीला वर्तमानपत्रांच्या जगात हा शब्द पक्का बसत गेला. १८४३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं बदनामी छापण्याची धमकी देऊन पैसे उकळणं गुन्हा ठरवलं. १८८५ मध्ये मात्र पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना सरसकट गुन्हा करणारं कलम घातलं आणि लोक त्याला उघडच ‘ब्लॅकमेलरची सनद’ म्हणू लागले. धमकी देणाऱ्याला आता स्वतः काही करायची गरज नव्हती. पोलिसांकडे जाईन, एवढं म्हटलं की पुरे.

इंग्लंडच्या गुन्ह्याला ‘ब्लॅकमेल’ हे अधिकृत नाव १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात मिळालं. स्कॉटलंडला तो लागू नाही. जिथे शब्द घडला, तिथल्या कोर्टात या गुन्ह्याला आजही ‘एक्स्टॉर्शन’च म्हणतात.

भारतीय कायद्यातही ब्लॅकमेल हा शब्द नाही. दंड संहितेत कलम ३८३ होतं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३०८ आलं. दोन्हीकडे इंग्रजीत एक्स्टॉर्शन, आणि रोजच्या मराठीत खंडणी. सरदार-संस्थानिकांच्या तहनाम्यांत वावरलेला हा शब्द आता पोलिसांच्या ‘खंडणीविरोधी पथका’त आहे. घरात तर ‘इमोशनल ब्लॅकमेल’ सुरूच असतं, आणि त्यात ना गुरं जातात ना पैसा. वर्तमानपत्रं मात्र दोन्ही शब्द एका मथळ्यात घेतात : ‘व्हिडिओ व्हायरल करण्याची धमकी देत ब्लॅकमेल, पाच लाखांच्या खंडणीची मागणी’. १६०१ च्या कंबरलँडमध्ये यातला एक शब्द पुरला असता, आणि पैसे देणाऱ्यालाही फाशी झाली असती.