कातड्याचे दप्तर

जून महिन्यात शाळा उघडल्या की मराठी वर्तमानपत्रांत ‘दप्तराचे ओझे’ हा विषय हमखास निघतो. आतल्या पानावर एखाद्या रखडलेल्या प्रकरणाच्या निमित्ताने २००५ च्या ‘दप्तर दिरंगाई कायद्या’चा उल्लेख येतो, आणि रविवारच्या पुरवणीत मराठेशाहीवर लेख असेल तर त्यात ‘पेशवे दप्तरा’तील कागदांचा हवाला असतो. पहिले दप्तर मुलाच्या पाठीवर असते, दुसऱ्याचा अर्थ सरकारी कामकाज असा आहे, आणि तिसरे म्हणजे जपून ठेवलेल्या कागदांचा प्रचंड साठा. वाचताना आपण कुठेही अडखळत नाही, कारण लहानपणापासून हे तिन्ही अर्थ आपल्या कानांवर आहेत.

हाच शब्द घेऊन महाराष्ट्राबाहेर पडले की मात्र घोटाळा सुरू होतो. दिल्लीत दफ्तर म्हणजे कचेरी, आणि कोलकात्यात सरकारचे एखादे खाते; तिथे शिक्षण खात्याला ‘शिक्षा दप्तर’ म्हणतात, आणि ‘दप्तरी’ म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारा कारागीर. इस्तंबूलमधल्या शाळकरी मुलाला ‘देफ्तेर’ काढ असे सांगितले तर तो पिशवीतून वही काढील. जकार्तात ‘दाफ्तार’ म्हणजे यादी, आणि मंगोलियात ‘देव्तेर’ म्हणजे वही किंवा ग्रंथाचा खंड. भाषा इतक्या वेगळ्या, अर्थही इतके वेगळे, आणि तरीही शब्द मुळात एकच आहे. असे का होते, हा भाषाविज्ञानातला मोठा रंजक प्रश्न आहे, आणि या एका शब्दाच्या मागे लागले तर त्याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळते.

शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘देफो’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ मळून मऊ करणे असा होतो, आणि त्यापासून झालेल्या ‘दिफ्थेरा’ या नामाचा अर्थ कमावलेले कातडे. हा शब्द फार जुना आहे. ग्रीसमधील पायलॉसच्या राजवाड्यात सापडलेल्या, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर तो ‘दि-प्ते-रा’ अशा तीन चिन्हांनी लिहिलेला आहे. ही लिपी मायकल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली, आणि तिच्यात ‘प’ आणि ‘फ’ यांच्यासाठी वेगळी चिन्हे नसल्यामुळे तो शब्द आपल्या ‘दप्तर’च्या इतका जवळचा दिसतो की पहिल्यांदा वाचताना अंगावर शहारा येतो. अर्थात हे साम्य योगायोगाचे आहे. मराठीतला ‘प’ थेट त्या पाट्यांवरून आलेला नाही, तर फारसी ‘फ्त’ हे जोडाक्षर मराठी जिभेवर ‘प्त’ झाल्यामुळे आलेला आहे. ‘दफ्तरदार’ हे आडनाव ‘दप्तरदार’ असेही लिहिले जाते, ते त्याच कारणाने.

पायलॉसच्या पाट्यांवरची दिफ्थेरा ही जनावराची कातडी होती, लेखनाशी तिचा संबंध नव्हता. तो संबंध कसा जुळला हे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या हेरोडोटस या इतिहासकाराने एका वाक्यात नोंदवून ठेवले आहे. तो म्हणतो की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही ‘दिफ्थेरा’च म्हणतात, कारण पपायरस दुर्मीळ होता त्या काळी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत असत. या वाक्याला मी फार मोल देतो. लिहिण्याचे साधन बदलले तरी नाव बदलले नाही, हे सांगणारा प्रत्यक्ष त्या काळचा साक्षीदार आपल्याला मिळतो, आणि पुढच्या अडीच हजार वर्षांत हा शब्द जे वारंवार करणार आहे त्याची पहिली खेपही तिथेच दिसते.

इराणच्या हखामनी साम्राज्याचा कारभारही कातड्यावर चालत असे. ते नुसते ऐकीव नाही. त्या काळी इजिप्तचा सुभा सांभाळणाऱ्या अर्शाम नावाच्या इराणी अधिकाऱ्याची अरामी भाषेतली पत्रे आज ऑक्सफर्डमध्ये जपलेली आहेत, आणि ती कातड्यावरच लिहिलेली आहेत. इराणी दरबारात वैद्य म्हणून राहिलेला क्टेसियस हा ग्रीक लेखक तर आपण राजाच्या ‘दिफ्थेरां’वरून इतिहास लिहिला असे सांगतो, तिथे या शब्दाचा अर्थ सरकारी कागदपत्रे असा झालेला आहे. पश्चिम आशियातल्या भाषांत हा शब्द पुढे ‘दफ्तर’ या रूपात रुजला. आठव्या शतकात अब्बासी खलिफांच्या कारभारात सुट्या पानांऐवजी बांधीव वह्यांत नोंदी ठेवण्याची पद्धत खालिद इब्न बरमक या अधिकाऱ्याने सुरू केली असे अरबी ग्रंथकार सांगतात, आणि या बांधीव वहीला अरबीत ‘दफ्तर’ म्हणत. त्यानंतर थोड्याच काळात बगदादच्या कचेऱ्यांत कागद आला. कातड्यावरचा मजकूर खरवडून तिथे दुसरा लिहिता येतो, कागदावर तसे केले तर लगेच उघडकीला येते, म्हणून हारून अल् रशीदने कागदाची सक्ती केली, असे एक कारण पुढच्या लेखकांनी दिले आहे. कारण कोणतेही असो, कातडे गेले आणि ‘कातडे’ हा शब्द कागदी वहीचे नाव होऊन राहिला.

इथून पुढे शब्दाला पाय फुटले. जिथे कर मोजले जात, माल उतरत असे, हिशेब लिहिले जात, तिथे तो गेला. अशा व्यापाराच्या आणि राज्यकारभाराच्या वाटांनी भाषेभाषेत फिरणाऱ्या शब्दांना भटके शब्द म्हणता येईल. मात्र असा शब्द नव्या भाषेत शिरताना अर्थांचा सगळा बारदाना बरोबर घेऊन जात नाही, ही या सगळ्यातली कळीची गोष्ट आहे. नव्या भाषेतले लोक तो एका विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट माणसांच्या तोंडून ऐकतात, आणि त्या प्रसंगी त्याचा जो अर्थ समोर असेल तेवढाच उचलतात. शिवाय त्या भाषेच्या घरात बहुतेक जागा आधीच भरलेल्या असतात. मग पाहुणा शब्द रिकामा पाट शोधतो आणि त्यावर बसतो.

इंडोनेशियाचे उदाहरण पाहा. आजच्या इंडोनेशियन भाषेत वही आणि पुस्तक यांसाठी ‘बुकु’ आणि कचेरीसाठी ‘कान्तोर’ हे दोन्ही डच भाषेतून आलेले शब्द आहेत. ‘दाफ्तार’ने यादीची जागा घेतली आणि ती पक्की धरली: पुस्तकातल्या अनुक्रमणिकेला ‘दाफ्तार इसी’ म्हणतात, हजेरीपटाला ‘दाफ्तार हादिर’, आणि नाव नोंदवणे या क्रियेला ‘मेन्दाफ्तार’. मूळ वहीत नावांच्या ओळी असत, आणि त्या भाषेने वहीचा विसर पडू देऊन ओळी तेवढ्या ठेवून घेतल्या. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत मात्र ‘दफ्तारी’ म्हणजे वहीच राहिली.

तुर्की भाषेत हा शब्द सत्तेच्या शिखरावर चढला. उस्मानी साम्राज्याने नवा मुलूख जिंकला की त्यातली गावे, कुटुंबे, पिके आणि कर यांची तपशीलवार नोंद ‘देफ्तेरां’त केली जाई, आणि साम्राज्याच्या खजिन्याचा प्रमुख ‘देफ्तेरदार’ म्हणवला जाई. सामान्य माणसाच्या दृष्टीने त्या वहीत नाव असणे किंवा नसणे ही जगण्यामरण्याची गोष्ट होती, त्यामुळे तुर्की भाषेत कुणाचा ‘देफ्तेर गुंडाळणे’ म्हणजे त्याला संपवणे असा वाक्प्रचार झाला. दिवाळे निघालेला व्यापारी जुने देफ्तेर चाळत बसतो, अशी एक म्हणही त्या भाषेत आहे, आणि ती आपल्याकडच्या कोणत्याही बाजारपेठेत सांगितली तरी समजावून द्यावी लागणार नाही.

पूर्वेला मध्य आशियातून हा शब्द मंगोलांकडे गेला. चंगेजखानाने शिगी खुतुखू या आपल्या न्यायाधिकाऱ्याला निवाडे आणि लोकांची वाटणी ‘निळ्या देब्तेर’मध्ये लिहून ठेवण्याची, आणि त्यात वंशजांनीही बदल करू नये अशी आज्ञा दिली, असे तेराव्या शतकातल्या मंगोल इतिहासग्रंथात आहे. तिबेटी भाषेत तोच शब्द ‘देब्थेर’ झाला आणि बखरीच्या अर्थाने रूढ झाला. तिबेटातील बौद्ध परंपरेचा पंधराव्या शतकात लिहिलेला एक प्रमुख इतिहास ‘निळा देब्थेर’ याच नावाने ओळखला जातो. ग्रीसमधल्या मेंढीच्या कातड्याचे नाव हिमालयापलीकडे धर्माच्या इतिहासाला लागले.

दख्खनमध्ये हा शब्द फारसी राजवटींच्या कारभारातून आला आणि मराठ्यांनी राज्य उभे केले तेव्हा तो इथल्या कागदांत मुरलेला होता. पेशवाईत पुण्याचे ‘हुजूर दप्तर’ ही कारभाराची मुख्य नाडी होती, आणि त्यात ‘चालते दप्तर’ व ‘एलबेरीज दप्तर’ असे प्रमुख विभाग होते. चालते दप्तर फडणिसांच्या हाताखाली असे, तर एलबेरीज दप्तरात सगळ्या हिशेबांचे वर्गीकरण होई. याच साठ्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित केले, म्हणून ‘पेशवे दप्तर’ हे नाव अभ्यासकांच्या तोंडी बसले.

हे कागद ठेवले कसे जात, ते जवळून पाहण्याजोगे आहे, कारण शाळेच्या दप्तराचे रहस्य तिथेच आहे. मोडीत लिहिलेल्या लांबट कागदांची चळत करून ती जाड सुती कापडाच्या चौकोनी तुकड्यावर आडवी ठेवतात, कापडाची समोरासमोरची टोके आळीपाळीने वर घेऊन गाठ मारतात, आणि असा गठ्ठा फळीवर जातो. या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. ‘रु’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा, असा ज्याचा फारसी अर्थ, त्या शब्दाचे पुण्याच्या पुरालेखागारात हजारो ऐतिहासिक गठ्ठे झाले आहेत. कापडात बांधलेल्या कागदांशी मराठी कारभाराचे नाते इतके घट्ट आहे की एखादे प्रकरण मिटवून टाकायचे असले तर आपण ते ‘दप्तरी दाखल’ करतो किंवा ‘बासनात गुंडाळून’ ठेवतो.

कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे दप्तर, हा अर्थ एकदा बसला की पुढची वाट उघड दिसते. मुलांच्या पाटीपुस्तकांचे गाठोडे दिसायला तसेच असे, म्हणून तेही दप्तर झाले. गाठोड्याची जागा कापडी पिशवीने घेतली, पिशवीची जागा पत्र्याच्या पेटीने आणि मग पाठीवरच्या नायलॉनच्या बॅगेने, पण नाव चिकटून राहिले. वहीसाठी मराठीत ‘वही’ होती आणि जागेसाठी ‘कचेरी’ होती. या दोन्ही पाटांवर आधीच कोणी बसलेले असताना ‘दप्तर’ मुलांच्या पाठीवर जाऊन बसले. गुजरातीतही शाळेच्या पिशवीला दफ्तर म्हणतात.

हिंदीने हीच उडी वेगळ्या शब्दाने मारली, याचे मला विशेष अप्रूप वाटते. हिंदीत दफ्तर कचेरीच्या अर्थाने गुंतलेले होते, तेव्हा तिथे शाळेच्या पिशवीला ‘बस्ता’ म्हणू लागले. बस्ता म्हणजे फारसीत ‘बांधलेले’, आणि त्याचाही मधला अर्थ कापडात बांधलेल्या कागदांचा गठ्ठा असाच होता. मराठीतही ‘बस्ता’ आला, पण शाळेच्या पिशवीची जागा दप्तराने अडवलेली असल्यामुळे तो कापडाच्या दुकानात गेला. आपल्याकडे बस्ता लग्नाचा असतो. दोन्हीकडची माणसे एकत्र बसून साड्या, शालू आणि मानपानाचे कपडे निवडतात आणि बस्ता बांधतात. उत्तर भारतातून आलेल्या पाहुण्याला ‘आज बस्ता बांधायला जायचे आहे’ असे सांगितले, तर त्याला शाळेची आठवण होणे अगदी साहजिक आहे.

या शब्दाची एक शाखा कारभाराच्या वाटेला गेलीच नाही. फ्रान्समधील तूर शहराचे वैद्य पिएर ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये मुलांच्या घशाच्या एका जीवघेण्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या रोगात घशात करड्या रंगाचा, चिवट, कातड्यासारखा पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. ब्रेतोनो यांनी ग्रीक ‘दिफ्थेरा’वरूनच त्याचे नाव ठेवले, आणि तेच आज डिप्थेरिया म्हणून सर्वांना ठाऊक आहे, मराठीत आपण त्याला घटसर्प म्हणतो. त्याचा जीवाणू एडविन क्लेब्स यांनी १८८३ मध्ये पाहिला आणि पुढच्याच वर्षी फ्रीडरिख लफ्लर यांनी तो वेगळा करून वाढवला. त्रिगुणी लशीच्या ‘डीपीटी’ या नावातला ‘डी’ तो हाच. बाळाला सहाव्या आठवड्यात ज्या रोगाविरुद्ध पहिली लस टोचतात आणि सहाव्या वर्षी त्याच्या पाठीवर जे अडकवतात, त्या दोहोंची नावे एकाच कातड्यातून कापलेली आहेत.

उस्मानी राजवटीच्या काळात ‘देफ्तेर’ बाल्कन प्रदेशात सर्वत्र पसरला आणि ग्रीसमध्येही आला. ग्रीक जिभेवर त्याचे ‘तेफ्तेरी’ झाले. आपल्याच पूर्वजांचा शब्द दोन हजारांहून अधिक वर्षे फिरून परत आला आहे, हे तेव्हाच्या ग्रीक माणसाला ओळखू येण्याचे काही कारणच नव्हते. रूप पार बदललेले होते आणि पोशाख तुर्की होता. आजच्या ग्रीक भाषेत त्या रोगाचे नाव ‘दिफ्थेरितिदा’ असे आहे, आणि तेफ्तेरी म्हणजे गावच्या वाण्याची ती छोटी वही, जिच्यात तो गिऱ्हाइकाची उधारी मांडून ठेवतो.