आपल्या वजनाचा शॉकअप

ठाणे स्टेशनजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात मोटारसायकलचा मागचा शॉकअप मागितला, की दुकानदार तो काउंटरवर उभा धरतो, दोन्ही तळव्यांनी त्यावर जोर लावतो आणि म्हणतो, "बघा साहेब, किती कडक आहे." गिऱ्हाईकही जोर लावून पाहते आणि समाधानाने मान डोलावते. मीही एकदा डोलावली आहे. प्रत्यक्षात या परीक्षेतून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण मोनोशॉकची, म्हणजे मागच्या चाकाला एकच शॉकअप असलेल्या घडणीची, स्प्रिंग मुळात दाबूनच बसवलेली असते. समजा, एक मिलिमीटर दबायला १०० न्यूटन बल लागणारी स्प्रिंग १५ मिलिमीटर दाबून बसवली आहे. तर ती आणखी केसभर हलवायलाही १५०० न्यूटन, म्हणजे साधारण १५० किलोंचा भार लागतो. एवढा जोर तळव्यांत असलेला दुकानदार माझ्या पाहण्यात नाही.

घोळ 'कडक' या शब्दापासूनच सुरू होतो. या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो: स्प्रिंगचा ताठपणा, तिला आधीच दिलेला दाब, म्हणजे प्रीलोड, आणि तेलाचा अवरोध, म्हणजे डॅम्पिंग. स्प्रिंग धक्का गिळते, पण पचवत नाही; जेवढी ऊर्जा साठवते तेवढी जवळपास सगळी परत करते. तेलाचे नळकांडे नसते, तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढची दोन वळणे होईपर्यंत झुलत राहिली असती. त्या नळकांड्यातला दट्ट्या तेलाला बारीक वाटांमधून ढकलतो, त्या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते आणि झुलणे थांबते. म्हणजे भार पेलणे हे स्प्रिंगचे काम आहे आणि उसळी आवरणे हे तेलाचे.

स्प्रिंग जेवढी दाबावी त्या प्रमाणात तिचे बल वाढते, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आजही घोडबंदर रोडवर तंतोतंत लागू आहे. तिचा ताठपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलाद यांवर ठरतो. यातली जाडी फार प्रभावी आहे, कारण ताठपणा तिच्या चौथ्या घाताने वाढतो: बाकी सगळे तसेच ठेवून तार केवळ १० टक्के जाड केली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक ताठ होते. गॅरेजमध्ये आकड्याच्या पान्याने स्प्रिंगखालची खाचांची कडी फिरवून "स्प्रिंग टाइट केली" असे सांगतात, तेव्हा मात्र यातले काहीच बदललेले नसते. कडी फिरवल्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि तीच स्प्रिंग थोड्या वरच्या जागेवरून काम करू लागते. स्प्रिंग भारासाठी मऊ असेल, तर कडी शेवटच्या खाचेवर नेऊनही ती मऊच राहते.

मग स्वतःला कोणती स्प्रिंग हवी, हे कसे ओळखायचे? त्यासाठी शिंप्याची टेप आणि एक मदतनीस पुरे. गाडी मेन स्टँडवर उभी करून मागचे चाक लोंबकळू द्यावे आणि चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. माझ्या गाडीवर ते ५४० मिलिमीटर भरले. चाके जमिनीवर टेकल्यावर गाडीच्या स्वतःच्या वजनाने ते ५३० झाले. हेल्मेट, बूट आणि ऑफिसच्या सॅकसह मी बसल्यावर ५०६, आणि मागे सौ. बसल्यावर ४७८. माझ्या गाडीचे मागचे चाक एकूण १२० मिलिमीटर वर-खाली जाऊ शकते. रस्त्यावरच्या गाडीसाठी चालकासह बसकण, म्हणजे वजनाने गाडी जेवढी खाली बसते ते अंतर, चाकाच्या एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. एकट्यासाठी माझी ३४ मिलिमीटर, म्हणजे अगदी योग्य होती. दोघांसाठी मात्र ती ६२, म्हणजे निम्म्याहून अधिक होती. रोज संध्याकाळी महापेहून परतताना ऐरोलीला सौ. मागे बसली, की तिथून कासारवडवलीपर्यंत गाडी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर तळाला का आपटते, याचे उत्तर या चार आकड्यांत होते. त्यापूर्वीचे सहा महिने मी दोष महापालिकेला देत होतो. तो सगळाच चुकीचा होता असे मात्र नाही.

येथे मोनोशॉकची एक खोच लक्षात घ्यावी लागते. मागचे चाक ज्या दांड्यांवर बसते, ज्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात, तो तरफेसारखा वागतो. चाक १२० मिलिमीटर हलते, तेव्हा शॉकअप फक्त ४८ मिलिमीटर दबतो, गुणोत्तर अडीच. चाकाला जाणवणारा ताठपणा मात्र अडीचने नव्हे, तर अडीचच्या वर्गाने, म्हणजे सव्वासहापटीने कमी होतो, कारण तरफ बल आणि अंतर दोन्ही बदलते. १०० न्यूटनची स्प्रिंग चाकाशी १६ न्यूटनची होते. म्हणून एका गाडीचा "भारी" शॉकअप दुसरीला बसला, तरी चालेलच असे नाही. बोल्ट जुळले म्हणून गुणोत्तर जुळत नाही. दोन शॉकअपच्या जुन्या घडणीत हे गुणोत्तर एकच्या बरेच जवळ असते, त्यामुळे तिथे अदलाबदल तुलनेने निभावते.

लांबीबाबत तर कुणाचे ऐकूच नये. दोन्ही डोळ्यांमधले, म्हणजे टोकांच्या बोल्टच्या भोकांमधले, अंतर १० मिलिमीटरने जास्त असलेला शॉकअप अडीचच्या गुणोत्तराने गाडीची मागची बाजू २५ मिलिमीटर उचलतो. त्यामुळे पुढचा फोर्क जवळपास एक अंशाने उभा होतो, हँडल चंचल होते, आणि मेन स्टँडवर चाक हवेत राहीनासे होते.

आता तेलाकडे वळू, कारण महाग आणि स्वस्त शॉकअपमधला खरा फरक येथे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने आरामात ओलांडता यावा. त्या वेगाने चाक माथ्यावर चढायला सुमारे पाव सेकंद घेते. सोसायट्यांच्या फाटकांपाशी खिळ्यांनी ठोकलेली रबरी पट्टी धरा ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच. तीवर चढायला त्याच वेगाने सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. उंची निम्मी असली, तरी चाकाचा वर उडण्याचा वेग सहापट होतो. टायरच्या गोलाईने आणि मऊपणाने तो थोडा कमी होतो, पण फरक मोठाच राहतो.

शॉकअपमध्ये तेलासाठी केवळ एक ठरावीक छिद्र असेल, तर अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग सहापट, तर अवरोध छत्तीसपट. म्हणजे मोठ्या गतिरोधकावर डुलणारा तोच शॉकअप रबरी पट्टीवर क्षणभर लोखंडी कांब बनतो आणि धक्का थेट कण्यात पोचवतो. चांगल्या शॉकअपमध्ये दट्ट्यावर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. तेलाचा दाब वाढला, की चकत्या कडेने वाकतात, वाट मोठी होते आणि अवरोध आवाक्यात राहतो. पैसे मोजायचे असतील, तर ते या चकत्यांसाठी मोजावेत.

बहुतेक पैसे मात्र बाजूच्या चकचकीत गॅसच्या डबीला मोजले जातात. "गॅसवाला आहे, मऊ चालतो," हे वाक्य तुर्भ्यापासून ठाण्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्या डबीतला नायट्रोजन भार पेलण्यासाठी नसतोच. दट्ट्या वेगाने सरकल्यावर त्याच्या मागे दाब कमी होतो, तेलात बुडबुडे धरतात, आणि फेसाळलेले तेल काहीच आवरत नाही. वायूच्या दाबाखाली ठेवलेले तेल फेसाळत नाही, एवढाच हेतू. १० बार दाब आणि १२ मिलिमीटर जाडीचा दट्ट्याचा दांडा धरला, तर वायूचे बल साधारण साडेअकरा किलो येते. वर पाहिलेल्या १५० किलोंपुढे ते किरकोळच. खडबडीत रस्त्यावर सलग तासभर चालवणाऱ्याला या डबीचा उपयोग आहे; पाचपाखाडीहून स्टेशनला जाणाऱ्याला ती शोभेची आहे.

"शॉकअप बसला" म्हणतो, तेव्हाही सहसा स्प्रिंग बसलेली नसते. पोलादाचा ताठपणा वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. जाते ते सील. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकच्या फटींतून उडणारा चिखल दांड्यावर वाळतो, क्रोमवर खाडीच्या हवेने गंजाचे टिपके येतात, ते प्रत्येक फेरीत सीलची कड खरवडतात आणि तेल पाझरू लागते. म्हणून ज्याचे सील आणि तेल बदलता येते, खोलता येतो, असाच शॉकअप घ्यावा आणि ते काम ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोण करतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

मी शेवटी डबी नसलेला, चकत्यांच्या झडपेचा आणि उसळीचा अवरोध खटक्यांनी बदलता येणारा शॉकअप घेतला. स्प्रिंग दोघांच्या भाराने मागवली, कारण माझ्या फेऱ्यांतले सर्वाधिक किलोमीटर दोघांचेच आहेत. एकट्याने जाताना गाडी थोडी ताठ लागते, हे मान्य करून. अधिक ताठ स्प्रिंग अधिक जोराने उसळते, म्हणून अवरोधही दोन खटके वाढवावा लागला. दांड्यावर एक रबरी कडी सरकवून ठेवली आहे. शॉकअप दबला, की ती वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. आठवडाभर घोडबंदर रोड झाल्यावर पाहिले, तर कडी तळाला आपटणे अडवणाऱ्या शेवटच्या रबरापासून सहा मिलिमीटर अलीकडे थांबली होती.