चुंबकी पंपबैठक (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील)

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाणी खेळते ठेवणारा पंप काचेला भोक न पाडता आणि काठावर पकड न लावता हव्या त्या जागी बसविण्याच्या साधनास चुंबकी पंपबैठक म्हणता येईल. दुकानात तिला नुसते ‘मॅग्नेट’ म्हणतात. तिचे दोन भाग असतात : पंपाच्या पाठीला जोडलेला पाण्यातला चुंबक आणि त्याच्या बरोबर समोर काचेच्या बाहेरून लावलेला कोरडा चुंबक. दोघे एकमेकांना ओढतात व मधली काच चिमटीत धरल्यासारखी धरून ठेवतात. घरगुती समुद्री टाकीतले वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात लाटेसारखा प्रवाह उठविणारे छोटे पंप, आज बहुधा याच पद्धतीने बसविले जातात.

समुद्रातील प्राण्यांना साचलेले पाणी मानवत नाही. पृष्ठभाग हलत राहिला तरच पाण्यात पुरेसा प्राणवायू विरघळतो, विष्ठा व उरलेले अन्न वाळूत न कुजता गाळणीपर्यंत पोहोचते, आणि समुद्रपुष्पासारख्या एका जागी राहणाऱ्या प्राण्यांपर्यंत अन्नही प्रवाहच आणतो. टाकीतल्या एकूण पाण्याच्या निदान दहापट पाणी दर तासाला फिरावे, असा ढोबळ हिशेब धरतात. प्रवाळांच्या टाकीत तो वीस ते चाळीसपटींपर्यंत जातो. म्हणजे ३०० लिटरच्या टाकीला ताशी किमान ३,००० लिटरचा प्रवाह लागतो, आणि तो एकाच पंपातून एका रेषेत येण्यापेक्षा दोन पंपांतून समोरासमोर येऊन आदळलेला बरा. खडकांची मांडणी बदलली की प्रवाहाच्या आड येणारे कोपरेही बदलतात. त्यामुळे पंप चार बोटे वर, वीतभर डावीकडे असे पुनःपुन्हा सरकवावे लागतात. चुंबकी बैठकीचा खरा उपयोग इथे होतो. पूर्वी सर्रास वापरले जाणारे रबरी सक्शन कप काही महिन्यांत कडक होत, त्यांच्या कडेखाली शेवाळ शिरे आणि मध्यरात्री केव्हातरी पंप सुटून वाळूत तोंड खुपसून चालू राही.

बैठक निवडताना ‘इतके किलो ओढ’ असा जो आकडा सांगितला जातो, तो जपून वाचला पाहिजे. तो चुंबक जाड लोखंडी पाटाला थेट चिकटवून, सरळ काटकोनात ओढून मोजलेला असतो. टाकीत दोन चुंबकांमध्ये काच असते, आणि खरे अंतर काचेच्या जाडीहूनही अधिक भरते : काच १२ मिमीची असली, तरी दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक कवच व रबरी पॅड धरून ते सहज १६ ते १८ मिमी होते. अंतर वाढत जाते तशी ओढ फार झपाट्याने घटते, म्हणून १० मिमी काचेसाठी केलेली बैठक १५ मिमी काचेवर ‘थोडी सैल’ नव्हे तर जवळजवळ निरुपयोगी ठरू शकते. दुसरे असे, की पंपाचे वजन चुंबकाला काचेपासून दूर ओढत नाही, काचेवरून खाली ओढते, आणि त्या दिशेने तो फक्त घर्षणाच्या बळावर टिकतो. रबरी पॅड नसेल, तर काटकोनात ओढून काढायला लागणाऱ्या बलाच्या पाचव्या हिश्श्यातही तो घसरू शकतो. पाण्याच्या उत्प्लावकतेमुळे पंप हलका होतो आणि त्याचे तोंड टाकीच्या मध्याकडे असेल, तर पाणी पुढे फेकताना येणारी प्रतिक्रिया त्याला काचेकडेच दाबते, ही जमेची बाजू. तेच तोंड काचेला समांतर वळविले, की ती प्रतिक्रिया घसरणीला मदत करते. पॅडखाली शेवाळाचा बुळबुळीत थर साचू न देणे हा म्हणूनच ताकदवान चुंबक विकत घेण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

बैठकीत दोन जातींचे चुंबक वापरतात. फेराइट हा मुळात लोहाच्या ऑक्साइडापासून भाजून केलेला काळसर, मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ पदार्थ. तो गंजत नाही, पण त्याची ताकद कमी असल्याने जाड काचेसाठी तो अवजड होतो. निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा चुंबक त्याच्या कितीतरी पट प्रबळ असतो. हा मिश्रधातू १९८० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीस जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधला. एन३५ पासून एन५२ पर्यंतच्या त्याच्या प्रती बाजारात मिळतात. आकडा जितका मोठा, तितका चुंबक प्रबळ.

मात्र या चुंबकात वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते, आणि दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्री पाण्यात त्याचे काय होणार हे उघड आहे. त्यावरचा चकचकीत मुलामा बहुधा निकेल, तांबे व पुन्हा निकेल अशा तीन थरांचा असतो. तो हवेत पुरतो, पाण्यात नाही. त्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी आतला धातू गंजून फुगतो आणि कवच आतून उकलू लागते. गंजाने पाणी तांबूस होते, पण खरा धोका मुलाम्यातल्या तांब्याचा आहे : माशांना सोसेल एवढे तांबेही कोळंबी, गोगलगायी व समुद्रपुष्पे यांना मारक ठरते. त्यामुळे चांगल्या बैठकीची ओळख ओढीच्या आकड्यावरून नव्हे, तर चुंबक किती नीट बंदिस्त केला आहे यावरून करावी. सुटे चुंबक आणून त्यांवर इपॉक्सीचा एक हात फिरवून घरी केलेली बैठक कितीही मजबूत वाटली, तरी समुद्री टाकीत घालू नये, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शंका आल्यास आतला भाग काचेच्या बरणीत खारे पाणी घालून आठवडाभर बुडवून ठेवावा. कवचाच्या सांध्यावर केसाएवढी तपकिरी रेघ उमटली किंवा तळाशी हळदीच्या डागासारखी पिवळट साय बसली, तर तो भाग तिथेच टाकून द्यावा. चुन्याची पुटे काढण्यासाठी पंप पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवतात. तडा गेलेल्या कवचाला मात्र व्हिनेगर लागू देऊ नये, कारण आम्ल आतल्या धातूपर्यंत थेट पोहोचते.

ठाणे व नवी मुंबईत या साधनाचा वापर तिथल्या घरांच्या व हवेच्या बेताने होतो. ठाणे खाडीचे पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता बरीच उतरते. ते टाकीला चालत नसल्याने आरओच्या पाण्यात तयार समुद्री मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखतात. कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ अशा खाडीलगतच्या वस्त्यांत पावसाळी हवा महिनोन्‌महिने दमट असते. टाकीतून उडणाऱ्या तुषारांचे मीठ त्या दमटपणात ओलेच राहते, आणि म्हणून बाहेरचा, कोरडा समजला जाणारा चुंबकही गंजतो. दर पंधरवड्याला तो काढून ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. फ्लॅटमधल्या हॉलमध्ये टाकी भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत मात्र अडचणीची आहे : मागच्या काचेवर बैठक लावायची, तर भिंत व टाकी यांच्यात हात जाईल एवढी, म्हणजे दहाएक सेंटीमीटर, जागा सोडावी लागते. ती नसेल, तर पंप बाजूच्या आखूड काचांवर बसवावेत. लांब टाकीत प्रवाहाच्या दृष्टीनेही ते सोयीचे पडते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागते आणि पाण्यात बुडालेली मोटर त्यात आणखी भर घालते. अमेरिकेच्या इकोटेक मरीन कंपनीच्या व्होर्टेक या पंपात मोटर काचेबाहेर असते व आतला पंखा काचेआरपार चुंबकानेच फिरविला जातो. त्यामुळे मोटरची बरीचशी उष्णता बाहेरच राहते. कठीण प्रवाळ हे भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये असल्याने घरगुती टाकीसाठी ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे, हेही इथे नोंदविणे आवश्यक वाटते.

बैठक लावताना आधी आतला भाग जागेवर धरावा आणि बाहेरचा भाग दुरून सरळ समोर न आणता काचेच्या कडेवरून सरकवत न्यावा. समोरून आणल्यास तो शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात हातातून निसटून आदळतो. काच तडकते किंवा बोट चिमटते. काढतानाही ओढू नये, सरकवावे. पॅडखाली वाळूचा कण नाही ना, हे आधी पाहावे, नाहीतर काचेवर कायमचा ओरखडा उमटतो. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने हे चुंबक हाताळू नयेत. बाहेरचा भाग निसटला, की आतला पंप वायरीसकट खाली जातो. म्हणून वायरीला प्लगच्या आधी खाली उतरणारा झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळते व प्लगपर्यंत जात नाही. टाकीची जोडणी आरसीसीबीमार्फतच, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमार्फतच, असावी.