राखभराव आणि राखबंधारे : ढासळल्यानंतरची नियामक जबाबदारी

दगडी कोळसा जाळून वीज तयार केल्यावर उरलेली राख एकतर बंधाऱ्यात साठवतात किंवा सखल जमिनीत, जुन्या खाणीत, रस्त्याखाली भराव म्हणून टाकतात. अशी जागा फुटली, खचली किंवा झिरपू लागली आणि राख ओढ्या-नाल्यांत उतरली, तर ती थांबवायची कोणी, नाला साफ करायचा कोणी आणि नुकसान भरून द्यायचे कोणी, हा या नोंदीचा विषय आहे. मुख्यतः भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार येथे केला असून तुलनेसाठी अमेरिकेतील काही प्रकरणे घेतली आहेत.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे जाळलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मागे उरतो. २०२१-२२ या वर्षात देशातील औष्णिक वीज केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. धुराबरोबर वर जाताना पकडलेली बारीक राख म्हणजे उडती राख किंवा फ्लाय ॲश, आणि भट्टीच्या तळाशी साचते ती जाडसर बॉटम ॲश. जुन्या पद्धतीत ही राख पाण्यात कालवून पाइपातून दूरच्या बंधाऱ्यात सोडतात. विदर्भात त्याला राखबंधारा किंवा ‘ॲश बंड’ म्हणतात. कोरडी राख बल्कर आणि टिप्परमधून केंद्राबाहेर जाते. तिचा काही भाग सिमेंट आणि विटांत जातो, तर काही भाग भरावात. राखभराव म्हणजे हा शेवटचा प्रकार.

राखेचे कण गाळासारखे बारीक असतात आणि ते एकमेकांना धरून राहत नाहीत. पाण्याने भरलेल्या राखेचा आधार सुटला की ती दाट द्रवासारखी वाहू लागते. बंधाऱ्याची उंची वाढवताना पुष्कळदा नवा बांध आधी साचलेल्या राखेवरच रचला जातो, त्यामुळे पायाच कच्चा राहतो. वरचे पाणी काढून घेणारी विहीर तुंबली, मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेले किंवा बांधाच्या पोटात पाझराने वाट धरली, की तो काही तासांत फुटतो. भरावाचे ढासळणे सावकाश असते. वरचे मातीचे आच्छादन धुपते, उतारावर घळी पडतात, शेजारचा नाला पायथा कोरत जातो, नाहीतर भरावाखालून काढलेली मोरी फुटते. काही वर्षांनी नाल्याच्या तळाशी करड्या रंगाचा थर दिसू लागतो. भूजल तर त्याआधीच बिघडलेले असू शकते, कारण बोरॉन आणि सल्फेट पाण्याबरोबर सहज पुढे सरकतात. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम यांसारखी द्रव्येही राखेतून पाण्यात उतरतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील बेल्यूज तलावात १९७० च्या दशकात राखबंधाऱ्याचे पाणी सोडले जात होते. त्यातील सेलेनियममुळे तलावातील माशांच्या २० जातींपैकी १९ नष्ट झाल्या. तो बंधारा फुटला नव्हता. नेहमीच्या विसर्गातूनच हे घडले, ही बाब नियामकांनी कायम समोर ठेवायला हवी.

भारतातील कायद्याची चौकट

पहिला आधार जलप्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा आहे. त्यात प्रवाहाची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली आहे. नदी, वाहता किंवा तात्पुरता कोरडा पडलेला जलमार्ग, नैसर्गिक वा कृत्रिम जलाशय आणि भूगर्भातील पाणीदेखील त्यात येते. मराठवाडा-विदर्भातील बहुतेक नाले वर्षातील आठ महिने कोरडे असतात. त्यांत टाकलेली राख ‘पाण्यात टाकली नाही’ असा बचाव या व्याख्येमुळे टिकत नाही. कलम २४ प्रमाणे प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर जाऊ देण्यास मनाई आहे. कलम २५ प्रमाणे विसर्गासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. अपघात झाल्यास जागेचा ताबा असलेल्या व्यक्तीने मंडळाला ताबडतोब कळवावे, असे कलम ३१ सांगते. कलम ३२ मंडळाला तातडीचे उपाय करण्याचा अधिकार देते आणि कलम ३३-अ उद्योग बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा. थोडक्यात, ‘आम्हाला अधिकार नव्हता’ असे कोणत्याही मंडळाला म्हणता येत नाही.

दुसरा आधार पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील राखेच्या अधिसूचना. पहिली १४ सप्टेंबर १९९९ ची. तिच्यात २००३, २००९ आणि २०१६ मध्ये बदल झाले. सध्याची अधिसूचना ३१ डिसेंबर २०२१ ची असून तीतही पुढे दुरुस्त्या झाल्या. तिचा गाभा असा की राख निर्माण करणाऱ्या केंद्रानेच तिचा शंभर टक्के पर्यावरणपूरक वापर करायचा. वापराविना राहिलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई आहे. जुन्या बंधाऱ्यांत साचलेल्या राखेसाठी १० वर्षांची मुदत दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि राज्य मंडळ या अंमलबजावणी यंत्रणा आहेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही समवर्ती अधिकार आहेत. गावकरी सहसा मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार देऊन थांबतात. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तोच अधिकार आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

बंधाऱ्यांसाठी याच अधिसूचनेने दोन गोष्टी घातल्या. नव्या आणि चालू केंद्रांना तात्पुरत्या किंवा आणीबाणीच्या बंधाऱ्यासाठी दर मेगावॅटमागे ०.१ हेक्टर एवढीच जागा. आणि बंधाऱ्याची सुरक्षितता, प्रदूषण, शिल्लक क्षमता, पाण्याचा पुनर्वापर यांचे दरवर्षी प्रमाणन. त्याचे निकष केंद्रीय मंडळाने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाशी सल्लामसलत करून ठरवायचे. दुसरी तरतूद फार उशिरा आली. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ मध्ये नदीवर किंवा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी बांधलेला अडथळा म्हणजे धरण अशी व्याख्या आहे. राखेचा बांध साधारणपणे त्यात बसत नाही. शेकडो एकरांवर पसरलेले, उंच, ओल्या राखेने भरलेले बांध त्यामुळे धरणांसाठीच्या तपासणी यंत्रणेबाहेर राहिले, आणि त्यांची स्थिरता पाहण्याचे काम प्रामुख्याने जलप्रदूषण मोजण्यासाठी उभारलेल्या मंडळांकडे आले. स्थापत्य अभियांत्रिकीचे हे काम त्यांच्या मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मानकांतही एक मोठे छिद्र आहे. राखबंधाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी सामू, निलंबित घनपदार्थ (दर लिटरला १०० मिलिग्रॅम) आणि तेल-ग्रीस (२० मिलिग्रॅम) यांच्या मर्यादा आहेत. जड धातूंच्या नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे बंधाऱ्याचा अहवाल ‘मर्यादेत’ येऊनही खालच्या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य नसू शकते. शिवाय २०१६ च्या घातक कचरा नियमांतून फ्लाय ॲश ‘प्रमाण जास्त, परिणाम कमी’ या वर्गात टाकून वगळली आहे. त्यामुळे घातक कचऱ्याच्या क्षेपणभूमीला लागणारे तळाचे अस्तर, झिरप गोळा करण्याची सोय वगैरे अटी राखेला आपोआप लागू होत नाहीत.

खसाळा, १६ जुलै २०२२

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन मोठी औष्णिक केंद्रे आहेत. कोराडी केंद्राचा राखबंधारा कामठी तालुक्यातील खसाळा येथे आहे. १६ जुलै २०२२ रोजी जोरदार पावसानंतर तो फुटला. राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत पसरले, तेथून कोलार नदीत आणि पुढे कन्हान नदीत गेले. नागपूर शहराच्या काही भागाला कन्हानचे पाणी मिळते. तेथील जलशुद्धीकरणावर परिणाम झाला आणि शहरातील पाणीपुरवठा विस्कळीत झाला.

या एका घटनेत जबाबदारीच्या सगळ्या कड्या दिसतात. बंधारा राज्य सरकारच्या कंपनीचा. तिच्यावर देखरेख करणारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही राज्य सरकारचेच. पाणी बिघडले ते महानगरपालिकेचे, तर पिके बुडाली ती शेतकऱ्यांची आणि त्यांचे पंचनामे करायचे महसूल खात्याने. बांधाच्या सुरक्षिततेचे निकष मात्र दिल्लीत ठरतात. फुटण्याआधी बांधाची नेमकी स्थिती काय होती, हे ज्याच्या घरात पाणी शिरते त्याला आधी कळण्याची कोणतीही ठरलेली वाट नव्हती. वार्षिक प्रमाणपत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे ही साधी गोष्ट आहे. तसे बंधन घालायला हवे, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मध्य प्रदेशातील सिंगरौली परिसरात आठ-नऊ महिन्यांत असे तीन प्रसंग घडले : ऑगस्ट २०१९ मध्ये एस्सारच्या महान केंद्राचा, ऑक्टोबर २०१९ मध्ये एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्राचा आणि १० एप्रिल २०२० रोजी रिलायन्सच्या सासन केंद्राचा बंधारा फुटला. सासनच्या घटनेत लहान मुलांसह सहा जण वाहून गेले. या भागातील राख अखेर रिहंद जलाशयाकडे जाते आणि त्या जलाशयावर मोठी लोकवस्ती पाण्यासाठी अवलंबून आहे.

केंद्राच्या फाटकाबाहेर गेलेली राख

बंधारा फुटला तर मालक कोण, हे तरी स्पष्ट असते. भरावाचे तसे नाही. राख केंद्राची, वाहतूक ठेकेदाराची, जमीन तिसऱ्याची आणि काम कदाचित रस्ता बांधणाऱ्या संस्थेचे. २०२१ च्या अधिसूचनेनुसार सखल जागा राखेने भरण्यापूर्वी राज्य मंडळाची पूर्वपरवानगी लागते, काम केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे व्हावे लागते, आणि मंजूर जागा, त्यांचे क्षेत्र व परवानगी दिलेले राखेचे प्रमाण मंडळाने दरवर्षी संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागते. परवानगीशिवाय टाकलेली राख म्हणजे ‘वापर’ नव्हे, ती उघड्यावर टाकलेली घाण. पण ट्रक रात्री येतो, नाल्याकाठी रिकामा होतो आणि सकाळी वरून मुरूम पसरलेला असतो. तेव्हा ही यादी हातात असेल तरच तलाठ्याला किंवा गावकऱ्याला काही विचारता येते.

यातली खरी अडचण मोजणीत आहे. सखल जागा आणि खाणी भरणे हे राखेच्या ‘वापरा’तच धरले जाते. केंद्राने राख फाटकाबाहेर पाठवली की तिची टक्केवारी वाढते आणि भरपाई टळते. दोन पावसाळ्यांनी तोच भराव धुपून नाल्यात गेला, तरी आधी दाखवलेला वापराचा आकडा खाली येत नाही. म्हणून भराव मंजूर करतानाच देखभाल कोण करणार, किती वर्षे करणार आणि ढासळल्यास खर्च कोणाचा, हे नावानिशी परवानगीपत्रात लिहिलेले असणे ही नियामकाची पहिली जबाबदारी आहे.

ढासळल्यानंतर

विसर्ग थांबवणे, खालच्या गावांना आणि पाणीपुरवठा यंत्रणांना कळवणे ही ताबेदाराची आणि जिल्हा प्रशासनाची तातडीची कामे. मंडळाने वरच्या आणि खालच्या बाजूचे पाणी, तळातला गाळ आणि विहिरींचे नमुने घ्यायचे. नमुना घेण्याची रीत १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये ठरवून दिली आहे. ती पाळली नाही तर तो अहवाल फौजदारी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. अनेक प्रकरणे इथेच लंगडी पडतात. शेतकऱ्याने बाटलीत भरून ठेवलेले पाणी त्या न्यायालयात कमी पडते. मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या काटेकोर नियमांना बांधलेले नाही, त्यामुळे तेथे छायाचित्रे आणि स्वतंत्र तपासण्याही उपयोगी पडतात.

२०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यातील कलम २० ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व बंधनकारक करते आणि कलम १५ खाली भरपाई व पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश मागता येतो. त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. अपघाताच्या बाबतीत चूक सिद्ध न करताही जबाबदारी लागते, असे कलम १७ मध्ये म्हटले आहे. ‘पाऊसच तसा झाला’ हे उत्तर म्हणून पुरेसे ठरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील कलम ३३-अ चा अर्थ लावताना प्रदूषण नियंत्रण मंडळांनाही नुकसानभरपाई आकारता येते, असा निर्वाळा दिला. दरवेळी न्यायाधिकरणाची वाट पाहण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

अमेरिकेतील अनुभव

टेनेसीतील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी टेनेसी व्हॅली प्राधिकरण या सरकारी वीज संस्थेचा बंधारा फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर राख एमरी नदीत व आसपास पसरली. सफाईला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला. २ फेब्रुवारी २०१४ रोजी नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक एनर्जी या वीज कंपनीच्या बंधाऱ्याखालून जाणारा पावसाच्या पाण्याचा जुना पाइप फुटला आणि सुमारे ३९,००० टन राख डॅन नदीत गेली. कंपनीच्या उपकंपन्यांनी २०१५ मध्ये गुन्हे कबूल केले आणि १० कोटी २० लाख डॉलरचा दंड व इतर रकमा भरल्या.

भरावांच्या दृष्टीने इंडियानातील टाउन ऑफ पाइन्स हे गाव अधिक बोलके आहे. तेथे राख रस्त्यांखाली आणि भरावात वापरली होती. २००० च्या सुमारास विहिरींत बोरॉन आणि मॉलिब्डेनम सापडले आणि घराघरांत नळाचे पाणी आणावे लागले. एप्रिल २०१५ च्या अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमाने एक आकडा ठरवला : रस्त्याव्यतिरिक्त इतर कामात १२,४०० टनांहून अधिक मोकळी (सिमेंट किंवा विटांत न बांधलेली) राख जमिनीत घालायची असेल, तर त्यातून पाण्याला, मातीला किंवा हवेला अपाय होणार नाही हे वापरणाऱ्याने दाखवायचे. नॉर्थ कॅरोलायनाच्या २०१४ च्या कायद्यात एकरी ८,००० टन किंवा एकूण ८०,००० टनांपासून पुढच्या भरावाला परवाना, तळाचे अस्तर, झिरप गोळा करण्याची व्यवस्था, भूजल तपासणी आणि आर्थिक हमी आवश्यक आहे.

त्याच २०१५ च्या नियमाखाली राख जागेवर ठेवून बंद केलेल्या बंधाऱ्याची पुढे ३० वर्षे देखभाल आणि भूजल तपासणी करावी लागते. भारताच्या २०२१ च्या अधिसूचनेत असा वर्षांचा आकडा नाही. हिरवळ लावून किंवा सौर प्रकल्प उभारून स्थिर झालेला बंधारा जुन्या राखेच्या हिशेबातून वगळला जातो. खालची राख मात्र तिथेच असते, आणि तिच्या पायथ्याचा नालाही.